वाघरीतलं शेवाळ

काटा बाभळीचा होता. बोटाच्या दोन पेरांएवढा. टायरच्या चपलेतून आरपार वर आला होता आणि म्हस्कू सकाळपासून दिवे लागेपर्यंत त्याच्यावर चालला होता.

मेंढरं वाघरीत कोंडून तो वस्तीवर आला. वाघर म्हणजे दोरीची जाळी. खुंट्या ठोकून ती गोल उभी केली की कळप रात्रभर आत राहतो. बायकोनं, साखरबाईनं, पाय धुवायला पाणी ठेवलं होतं. दगडावर बसून त्यानं उजवी चप्पल काढली. डावी निघेना.

"चिकटली काय?" साखरबाई म्हणाली आणि खाली वाकली. मग तिनं चुलीपुढचा चिमटा आणला, पाय मांडीवर घेतला, चपलेखालून काट्याचं बूड धरलं आणि ओढलं. काट्यामागून काळपट रक्त आलं. तिनं वर बघितलं. म्हस्कू एका गाभण मेंढीकडं बघत होता.

"दुखलं न्हाई?"

"काय?"

साखरबाईनं काटा चुलीत टाकला. जखमेवर हळद दाबली. सकाळी भाकरी थापायच्या आधी नवं लुगडं नेसून दारात उभी राहिली.

"चला."

"कुठं?"

"यवतला. दवाखान्यात."

म्हस्कूला साखर होती हे दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं. तो बांधावर लघवीला बसे त्या जागी मुंगळ्यांची रांग लागायची, ते आधी पोरांनी पाहिलं होतं. खुटबावच्या पारावर तेव्हा चेष्टा झाली होती. "घरात साखरबाई, अंगात साखर. म्हस्कूच्या दारात आता मुंगळंच येणार." म्हस्कूही हसला होता. गोळ्या आणल्या होत्या, आठवण आली की घेतल्या होत्या.

यवतच्या डॉक्टरांनी पाय पाहिला, बोटाचं रक्त काढून मशिनीत घातलं आणि चष्मा काढून ठेवला. "तीनशे चाळीस. मामा, आता सुई सुरू करावी लागणार. रोज, दोन वेळा."

"सुई जनावराला," म्हस्कू म्हणाला. "माझ्या हातानं शंभर मेंढरं टोचलीत मी. माणसानं आपल्या पायावर उभं ऱ्हावं."

"पाय राहावा म्हणूनच सांगतोय. जखम कळत नाही, म्हणजे पाय आतून मेलाय. असंच चाललं तर आधी बोट जाईल. मग किती जाईल ते मी सांगू शकत नाही."

शेवटी तडजोड झाली. पंधरा दिवस गोळ्या, नेमानं. साखर उतरली तर ठीक, नाहीतर सुई. आणि चालणं बंद. चालणं बंद म्हटल्यावर म्हस्कूनं बोटांवर आठवडे मोजले. होळी झाली की दर वर्षी कळप भीमा ओलांडून न्हावऱ्याकडं, शिरूरच्या माळावर जायचा. तिकडच्या मोकळ्या रानांत लेंडीखतासाठी मेंढरं बसवायची आणि पावसाच्या तोंडावर परतायचं. वयाच्या आठव्या वर्षापासून म्हस्कूची एक होळी चुकली नव्हती. होळीला सात आठवडे राहिले होते.

त्याच शनिवारी म्हस्कूची लेक अनुपमा आली.

पुण्याहून येणारी शटल खुटबावला थांबली तेव्हा डब्यातून आधी दोन पोती खाली पडली आणि मग ती उतरली. तिचा धाकटा भाऊ पप्पू सायकल घेऊन आला होता. पोतं उचलताना त्यानं नाक दाबलं.

"मासळी आणली व्हय गं?"

"शेवाळ हाय. समुद्रातलं. रत्नागिरीहून आणलंय."

"शेवाळ? आपल्या हिरीत काय कमी हाय का? सांगायचं, गाडी भरून दिलं असतं."

तीन वर्षांपासून वस्तीवर हेच बोललं जात होतं. म्हस्कू धनगराची पोरगी एम.एस्सी. झाली, तालुक्याच्या पेपरात फोटो आला, आणि आता पुण्यात संशोधन करते. काय करते, तर शेवाळ धुते. अनुपमानं या बोलण्याचं कधी वाईट वाटून घेतलं नाही. ती खरंच शेवाळ धुवायची. अवसेला समुद्र लांब मागं जातो तेव्हा पहाटे खडकांत गुडघाभर पाण्यात उतरायचं, तपकिरी शेवाळ मुळाचा बुडखा न उपटता विळ्यानं कापायचं, वाळू आणि शिंपले निघेपर्यंत सात पाण्यांतून काढायचं. तिच्या हातांना त्या कामानं चिरा पडल्या होत्या. ते सावलीत वाळवायला हॉस्टेलवर जागा नव्हती. म्हणून तिनं ते घरी आणलं.

पत्र्याच्या शेडखाली तिनं गोणपाटं अंथरली आणि शेवाळ पसरलं. म्हस्कू पाय बाजेवर ठेवून बघत होता.

"कशाला ह्ये सगळं?"

अनुपमा त्याच्याजवळ येऊन बसली. भिंतीला लोकर कातरायची कातर अडकवली होती, ती तिनं काढली.

"आबा, आपण भाकरी खाल्ली की पोटात अशी कातर चालते. भाकरीचे बारीक बारीक तुकडे करते. शेवटचा तुकडा म्हंजी साखर. ती रक्तात जाते. तुमच्या रक्तातली साखर पुढं खपत न्हाई, साचून ऱ्हाते. बरोबर?"

"डॉक्टर बी तसंच कायतरी म्हणला."

"ह्या शेवाळाच्या अर्कानं ती कातर बोथट व्हती, असं दिसलंय. तुकडं सावकाश व्हतात. साखर एकदम लोंढ्यानं येत न्हाई, पाझरत येती. निदान काचेच्या नळीत तसं व्हतंय. आता उंदरांवर बघायचंय."

म्हस्कूनं कातर हातात घेऊन दोनदा उघडझाप केली. बोथट कातर म्हणजे काय हे त्याला शिकवायची गरज नव्हती. "मंग मला दे की."

"न्हाई."

"का? म्या काय उंदरापरीस गेलो?"

"उंदराला काय झालं तर ते म्या लिवून ठेवंन. तुमास्नी काय झालं तर आईला काय सांगू?"

ती हसत बोलली होती, पण देणार नाही हे म्हस्कूला कळलं. ती लहानपणापासून अशीच. एखादी गोष्ट नाही म्हणायची तर रागावायची नाही, रडायची नाही, नुसती जागची हलायची नाही.

रविवारी ती साखरबाईबरोबर यवतच्या बाजाराला गेली. जाताना म्हणाली, "आबा, जरा लक्ष ठेवा शेवाळावर." म्हस्कूनं काठी उशाला घेतली. जेवण झालं, ऊन चढलं, आणि साखर वाढली की येते ती झोप त्याच्या डोळ्यांवर आली. तो जागा झाला तो दातांच्या कुरकुर आवाजानं. घराजवळ ठेवलेल्या सात मेंढ्या शेडखाली रांगेनं उभ्या होत्या आणि माना खाली घालून रत्नागिरीचा समुद्र खात होत्या. शेवाळ खारट, मेंढरू मिठासाठी मातीची भिंतसुद्धा चाटतं. दोन पोत्यांतलं पाऊण पोतं उरलं होतं.

अनुपमा आली तेव्हा म्हस्कू त्या उरलेल्या शेवाळापुढं उकिडवा बसला होता. हातातल्या काठीला तो उगाच नखानं खरवडत होता.

"डोळा लागला," तो म्हणाला.

अनुपमानं पिशवी खाली ठेवली. शेडकडं पाहिलं, मेंढ्यांकडं पाहिलं. तिचं पुढच्या दोन महिन्यांचं काम त्या शेवाळावर होतं. थोड्या वेळानं तिनं वही काढली.

"कुठल्या कुठल्या मेंढ्या व्हत्या?"

म्हस्कूनं सातही दाखवल्या. तिनं प्रत्येकीची खूण लिहून घेतली, तुटक्या कानाची, पांढऱ्या कपाळाची. दोन दिवस ती त्यांच्या मागं फिरली. किती पाणी पितात, लेंडी पातळ होते का, रवंथ करतात का, सगळं लिहिलं. मंगळवारी शटलला जाताना म्हणाली, "आता पुढच्या अवसेला परत जाईन." एवढंच. पप्पू नंतर म्हणाला, "माझं असं कुणी खाल्लं असतं तर मी मेंढीच कापली असती."

मेंढ्यांना काही झालं नाही. उलट तुटक्या कानाची जरा तरतरीत झाली, असं म्हस्कूला वाटलं. जे मेंढरू मनापासून खातं त्यात इख नसतं, हे त्याच्या बापानं त्याला शिकवलं होतं. माळावर नवा पाला दिसला तर आधी मेंढरू काय करतं ते बघायचं. या एका नियमावर तो पन्नास वर्षं जगला होता.

गोळ्यांचे आठ दिवस झाले होते. डॉक्टरांनी चालू नको सांगितलं तरी कळप सोपानरावांच्या रानात बसवायचा आधीच ठरला होता, आणि पप्पूला कांद्याची खुरपणी होती. म्हस्कू पायाला फडकं बांधून गेला. सोपानराव बांधावर आले. वीस एकराचे बागायतदार, सोसायटीचे चेअरमन. त्यांनाही साखर होती, पण त्यांच्या साखरेला पुण्याचा डॉक्टर होता.

"म्हस्कू, लंगडतोस का रं?"

"काटा लागलाय, आण्णा."

"काटा न्हवं, साखर हाय ती. ऐकलंय मी. तुझी पोरगी त्येच्यावरच औषध काढतीया म्हणं?"

"व्हय. समुद्रातल्या शेवाळाचं."

"मग बापाला एक बाटली आणता येत न्हाई तिला? इतकी शिकवलीस, तुझी मेंढरं इकून फी भरलीस. आन् बाप लंगडतोय." सोपानराव हसले. मजूर बायाही हसल्या. "का बापापरीस उंदीर जवळचा झाला?"

म्हस्कूनं स्वतः हेच म्हटलं होतं. पण दुसऱ्याच्या तोंडून, बायांच्या पुढं ते ऐकताना त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या. तो मेंढरांमागं वळला.

त्या संध्याकाळी पप्पूनं कांद्यावर मारायला बाटली आणली. बाटलीवर निळ्या लाटा काढलेल्या होत्या.

"काय हाय?"

"शेवाळाचा अर्क. समुद्रातला. पंपाला टोपणभर टाकायचा. कांदा हिरवागार व्हतो."

म्हस्कूनं टोपण उघडून वास घेतला. शेडखालचाच वास. तोच काळसर तपकिरी रंग. पप्पूनं चार वाफ्यांवर फवारा मारला आणि आठवड्यात ते चार वाफे खरोखर उजळले. म्हस्कू रोज बांधावर उभा राहून बघायचा. मेंढरानं खाल्लं, काही झालं नाही. कांद्यानं घेतलं, चांगलं झालं. आणखी कशाची वाट बघायची?

त्यानं सकाळ-संध्याकाळ टोपणभर अर्क ताकात घालून घ्यायला सुरुवात केली. आणि गोळ्या बंद केल्या.

पहिल्या दिवशी मळमळलं. तिसऱ्या दिवशी जुलाब झाले. औषध लागू पडायला लागलं की पोट ढवळतं, असं त्यानं स्वतःला सांगितलं. मग तहान लागली. रांजणातलं पाणी पुरेना इतकी. साखरबाई विचारायची, "गोळी घेतली?" तो "हूं" म्हणायचा. यवतला दाखवायची पंधरा दिवसांची मुदत उलटली, ते तो उद्यावर ढकलत राहिला. नवव्या दिवशी सकाळी तो कळप घेऊन सोपानरावांच्या रानाकडं निघाला आणि पाटाच्या कडेला बसला तो उठलाच नाही.

कळप मोकळा सुटून सोपानरावांच्या कांद्यात शिरला, म्हणून साखरबाईला कळलं. ती मेंढरं हाकलायला शिव्या देत धावत आली तेव्हा म्हस्कू कुशीवर पडला होता. ओठ फाटलेले, श्वासाला पिकून सडलेल्या फळासारखा वास. पायाचं फडकं सुटलं होतं. जखमेजवळचं बोट काळं पडलं होतं. साखरबाईनं त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि अशी हाक मारली की दोन शेतं पलीकडून सोपानरावांचा ड्रायव्हर जीप घेऊन आला. मागून सोपानरावही आले. तुडवलेला कांदा ओलांडून ते सरळ म्हस्कूपाशी गेले. म्हस्कूचे पाय त्यांनीच उचलून जीपमध्ये घेतले.

अनुपमा दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात पोचली. म्हस्कू शुद्धीवर होता. हाताला सलाईन होतं. डाव्या पायाला जाड पांढरं बांधलेलं, आणि त्यात एक बोट कमी होतं. साखरबाईनं लेकीच्या हातात निळ्या लाटांची बाटली दिली. ती तिला धान्याच्या कणगीमागं सापडली होती.

अनुपमानं बाटली उलटीसुलटी करून वाचली. बारीक अक्षरांत शेवाळाबरोबर आणखी चार नावं होती. खाली लिहिलं होतं, फक्त पिकांसाठी.

"आबा, गोळ्या कवा बंद केल्या?"

"बाटली चालू केली त्या दिशी."

"का?"

हे हिला विचारावं लागतंय याचंच म्हस्कूला नवल वाटलं. आवाज खोल गेला होता, तरी तो समजावून सांगायच्या सुरात म्हणाला, "दोन्ही घेतल्यावर कशानं उतरली त्ये कळणार कसं?"

अनुपमा स्टुलावर बसली. तोंडावर पदरासारखी ओढणी धरली. ती हसतेय की रडतेय हे पप्पूला कळेना. मग तिनं ओढणी काढली, डोळे पुसले.

"आबा, जंताची पूड इकायला एक माणूस आलता, आठवतंय? मी सात वर्षांची व्हते."

"दौंडाकडचा. लाल पिशवीवाला."

"त्यो म्हणत व्हता, पूड घातली की मेंढरू महिन्यात दुप्पट. तुमी काय केलंत? वीस मेंढ्यास्नी पूड दिली आन् पाठीवर गेरूचा पट्टा ओढला. वीस तशाच ठिवल्या. एकाच माळावर चारल्या. महिन्यानं त्यो आला, तवा तुमी सगळ्यांचा गेरू पुसला आन् त्येला म्हणालात, आता तूच वळीख, तुझी पूड कुणी खाल्ली."

म्हस्कूच्या सुकलेल्या ओठांवर जरासं हसू आलं. "वळखाय आलं न्हाई त्येला. पिशवी काखंत मारून पळाला."

"कॉलेजात लोकांस्नी वाटतं, प्रयोग कसा करायचा त्ये मला पुस्तकानं शिकवलं. सरांनी इचारलं तवा म्या त्यास्नी गेरूचीच गोष्ट सांगितली."

म्हस्कूनं मान तिच्याकडं वळवली. "मंग म्या बी तसंच केलं की गं."

"तसं न्हाई केलं. तवा चाळीस व्हत्या. ह्या खेपेला एकच मेंढरू. त्येच्याच पाठीवर गेरू, राखणारा बी त्योच, आन् इचार करणारा बी त्योच. आन् पूड तरी कुठली? कांद्याची."

"मेंढरानं खाल्लं व्हतं शेवाळ."

"शेवाळ खाल्लं. बाटली न्हाई. आन् मेंढरांस्नी साखर बी न्हाई झालेली."

"चुकलं," म्हस्कू म्हणाला. लेकीपुढं हा शब्द त्यानं पहिल्यांदाच उच्चारला होता. अनुपमानं त्याचा हात धरला.

घरी सोडायच्या दिवशी सुई कोण टोचणार हा प्रश्न आला. डॉक्टरांनी पप्पूला बोलावलं. चोवीस वर्षांचा तगडा गडी, पण सुई हातात घेतली आणि तशीच टेबलावर परत ठेवली.

"आण इकडं," साखरबाई म्हणाली.

म्हस्कूची नजर मंदावली तेव्हापासून दोन वर्षं मेंढरांना पावसाळ्याआधीची लस तीच टोचत होती. तिनं हात धुतले. नवऱ्याच्या पोटावरची कातडी चिमटीत धरून वर उचलली, सुई तिरकी घातली, दांडा सावकाश दाबला आणि थोडं थांबून काढली. डॉक्टर बघत राहिले.

"हे तुम्हाला कुणी शिकवलं?"

"मेंढरांनी. ती लाथा बी मारत्यात." मग तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "दुखलं?"

"दुखलं."

तिनं मान हलवली, जणू हिशोब जुळला.

साखरबाईला आकडे वाचता येत नव्हते. अनुपमानं दोन सुया घेतल्या, ब्लेडनं हव्या त्या रेघेवर खाच पाडली, आणि सकाळच्या सुईला लाल, संध्याकाळच्या सुईला पांढरा दोरा बांधला. वस्तीवर फ्रीज नव्हता. तिनं मोठ्या कुंडीत वाळू भरली, ती ओली केली, मधे झाकणाचं लहान मडकं पुरलं आणि त्यात औषधाची कुपी ठेवली. "वाळू सुकू द्यायची न्हाई." त्या उन्हाळ्यात वस्तीवर पिण्याचं पाणी टँकरनं आलं, पण ती वाळू एक दिवस सुकली नाही. आणि रोज रात्री जेवणाआधी साखरबाई कंदील घेऊन नवऱ्याचे पाय मांडीवर घ्यायची, पावसाळ्यात मेंढराचा खूर तपासतात तसं प्रत्येक बोट फाकवून बघायची.

त्या होळीला कळप पप्पूबरोबर न्हावऱ्याला गेला. म्हस्कू नदीच्या उतारापर्यंत बैलगाडीतून गेला, आणि मेंढरांची धूळ पलीकडच्या काठावर बसेपर्यंत तिथं थांबला.

पुढच्या पौषात अनुपमा चार पोती घेऊन उतरली.

म्हस्कू स्टेशनवर आला होता, चालत. पायात खास शिवून घेतलेली जाड तळाची चप्पल होती. वस्तीवरची पोरं तिला रणगाडा म्हणायची. आल्या आल्या तो शेडमागं गेला आणि वाघर घेऊन आला. शेडभोवती खुंट्या ठोकल्या, जाळी ताणली, बुडाला दगड ठेवले. शेवाळ आत, मेंढरं बाहेर. जाळीला नाकं लावून मेंढरं उभी राहिली. वाघर उलटी लावलेली त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

संध्याकाळी अनुपमानं वही उघडली. "आबा, उंदरांचं झालं. एका टोळीला नुसतं पाणी, एकीला गोळी, एकीला अर्क. अर्कवाल्यांची साखर उतरली."

म्हस्कू सरसावून बसला. "किती?"

"गोळीइतकी न्हाई. पण उतरली. पिंजऱ्यावर नुसते आकडे व्हते. साखर मोजणाऱ्या पोरीला ठावं नव्हतं, कुठला कशाचा."

"गेरू पुसून घेतलास."

"पुसून घेतला." ती थांबली. "पर अर्कवाल्यांतले दोन मेले. का मेले त्ये आजून सापडलं न्हाई."

"त्ये दोन लिवलेस?"

"पहिल्यांदा त्येच लिवलं. आता परत सुरुवातीपासनं करायचं. म्हणून चार पोती."

"बरं केलंस," म्हस्कू म्हणाला, आणि परत म्हणाला, "बरं केलंस." तिच्या चिरा पडलेल्या हातांकडं तो बघत होता. मग उठून त्यानं लोकरीचं तेल आणून तिच्यापुढं ठेवलं. कातरणीनंतर तो स्वतःच्या हातांना लावायचा ते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सोपानराव आले. हातात झाकणाचा स्टीलचा डबा होता. म्हस्कू वाघरीच्या तोंडाशी काठी आडवी धरून बसला होता. झोपू नये म्हणून त्यानं समोर लोकर कातायची टकळी घेतली होती.

"म्हस्कू, ऐकलं मी. औषध लागू पडलं म्हणं. मूठभर दे ह्यातलं. बघू तर खरं."

"न्हाई, आण्णा."

"अरं, तुला जीपमधनं कुणी नेलं?"

"तुमीच नेलं. त्ये मी इसरलो न्हाई. म्हणून तर देत न्हाई." म्हस्कूनं टकळीला पीळ दिला. "दोन उंदीर मेल्यात. का मेलं, त्ये पोरगी हुडकतीया."

"उंदीर काय, रोज मरत्यात."

"ह्ये दोन तिनं लिवून ठिवल्यात."

सोपानराव जाळीला हात टेकून आत बघत राहिले. तपकिरी, सुरकुतलेलं, खारट वासाचं शेवाळ सावलीत वाळत पडलं होतं.

"आन् किती वर्षं लागणार?"

"ठावं न्हाई. तिला बी ठावं न्हाई."

"म्हंजी तुझ्या हयातीत मिळंल का न्हाई, सांगता येत न्हाई. मग उन्हातान्हात राखत बसलास कशाला?"

तुटक्या कानाच्या मेंढीनं जाळीखालच्या दगडाला नाकानं ढोसलं, तशी म्हस्कूनं काठीचं टोक तिच्या नाकाला हलकेच लावलं. ती मागं सरली.

"होळीला न्हावऱ्याला जाणार हाय मी," तो म्हणाला. "रोज थोडं थोडं. कळपामागं न्हाई, कळपाबरूबर. तिकडनं आलो की तुमच्या रानात बसवतो मेंढरं."

घरातून साखरबाई आली. हातातल्या सुईला पांढरा दोरा होता. ऊन उतरलं होतं. तिनं पदर डोक्यावर ओढला आणि सोपानरावांना म्हणाली, "जरा तिकडं तोंड करा, आण्णा."

सोपानरावांनी डबा काखेत धरून तोंड वळवलं. म्हस्कूनं सदरा वर केला. तिनं कातडी चिमटीत उचलली.

"दुखलं?"

"दुखलं," म्हस्कू म्हणाला, आणि काठी पुन्हा वाघरीच्या तोंडाशी आडवी धरली.